आमची सून आणि नऊ नंबरचं मशीन

आमच्या सुनेला बसलेली अशी फोटोतसुद्धा कोणी पाहिलेली नाही. लग्नाच्या आल्बममध्ये एकशेबारा फोटो आहेत. त्यांतल्या तीस-पस्तीस फोटोंत आमचा मुलगा एकटाच खुर्चीवर बसून हसतोय आणि शेजारची खुर्ची रिकामी. नवरी कुठे, तर हॉलच्या मागे टाकी भरून वाहतेय असा तिला आवाज आला, म्हणून नळ बंद करायला गेलेली. टाकी खरंच वाहत होती, हे मला नंतर हॉलच्या रखवालदारानं सांगितलं. तीनशे माणसं बोलत होती, बाजा वाजत होता, आणि त्यात हिला पाण्याचा आवाज आला. तेव्हाच मी ओळखलं, की ही पोरगी आपल्या घरात कोणाला सुखानं बसू द्यायची नाही. पंधरा वर्षं झाली, माझा अंदाज चुकलेला नाही.

चहा ती उभ्यानं पिते. पेपर ओट्याला टेकून वाचते. घरातून निघाली की दोनदा परत येते, एकदा गॅस बंद आहे का ते बघायला आणि दुसऱ्यांदा, मगाशी नीट बघितलं होतं का ते बघायला. माझी नात दहा वर्षांची आहे, आईवर गेलेली नाही, बापासारखी निवांत आहे. ती म्हणते, आई, जमीन कुठे पळून जात नाही, टेक जरा. मुलगा शाळेची बस चालवतो, तो काही म्हणत नाही. दिवसभर पन्नास पोरांना ‘खाली बसा’ सांगून त्याचा घसा बसलेला असतो.

तर ही आमची सून हॅचरीत शिफ्टची सुपरवायझर आहे. हॅचरी म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक तांबडी कोंबडी होती. ती खुडूक बसली की पंधरा अंडी पोटाखाली घ्यायची आणि एकवीस दिवस जागची हलायची नाही. हात घातला की टोचायची. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीवर तिची आठवण अजून आहे. हॅचरीत हेच काम मशीन करतं. खोलीएवढी लोखंडी कपाटं, आत ट्रेवर ट्रे, एकेका मशीनमध्ये एकोणीस हजार दोनशे अंडी. एकाच कोंबडीखाली एकोणीस हजार अंडी आहेत आणि ती कोंबडी विजेवर चालते, असं समजा. अशी बारा मशीनं एका मोठ्या खोलीत ओळीनं उभी. आत ताप नव्याण्णव पॉइंट सहा, ना कमी ना जास्त. कोंबडी चोचीनं अंडं उलटंपालटं करते, मशीन तासातासाला ट्रे तिरपे करतं.

सून तिथं एकोणिसाव्या वर्षी लागली, पिलं मोजायला. एका खोक्यात एकशे दोन पिलं, दोन वरची. पाच-पाच पिलं एका मुठीत उचलायची, दिवसाला पंधरा हजार. ती सांगते, की पहिले सहा महिने झोपेत बोटं हलायची. मग ती मशीनच्या खोलीत गेली आणि तिचा तो टाकी ऐकणारा कान कामाला आला. पंखा जरा कुरकुरला की हिला कळायचं, हा चार नंबर, याचा बेअरिंग गेला. वायरमन हसायचा, मग खोलून बघायचा, मग हसायचा नाही. अशानं ती सुपरवायझर झाली.

पुढे कंपनीनं सगळा कारभार सॉफ्टवेअरवर टाकला. मशीनवर पूर्वी भोंगे होते. ते वेळीअवेळी बोंबलायचे म्हणून काढून टाकले, आणि ठरलं, की काही बिघडलं तर सॉफ्टवेअर ईमेल पाठवेल. मशीनच्या खोलीत टेबलावर एक कॉम्प्युटर बसवला, त्यावर ईमेल येणार. शिवाय घरी असताना सुनेच्या मोबाइलवरही येणार. झालं, गंगेत घोडं न्हालं असं सगळ्यांना वाटलं. पण सॉफ्टवेअरला तारतम्य नावाची चीज नसते. ते सगळंच कळवायला लागलं. खोक्यांचा साठा कमी झाला, ईमेल. अमुक गाडीला गेटपास मिळाला, ईमेल. तुमचा पासवर्ड चौदा दिवसांनी संपेल, ईमेल. मग तेरा दिवसांनी संपेल, तोही ईमेल. दिवसाला दीडशे. मी तिला म्हटलं, की हे तुझं सॉफ्टवेअर आमच्या धाकट्या आत्यासारखं आहे, घर पेटलं तरी आधी शेजारणीच्या सुनेचं सांगेल, मग घराचं. सून हसली. तेव्हा हसायची.

दीड वर्षापूर्वी भर दुपारी तीन नंबरची हवेची झडप अडकली. ताप चढायला लागला. सॉफ्टवेअरनं बारा वाजून बारा मिनिटांनी ईमेल केला. त्याच्या वर प्रिंटरच्या शाईचा ईमेल, खाली कोणाच्या तरी रजेचा. सून त्या वेळी गाड्या भरून देत होती. ती कॉम्प्युटरपाशी आली दीड वाजता, आणि एकसष्ट ईमेल न वाचलेले होते. तीन नंबरचं दार उघडलं तेव्हा आतून आलेली वाफ चेहऱ्याला लागली, असं ती म्हणाली. अंडी सतराव्या दिवसाची होती. सतराव्या दिवशी पिलू पुरतं झालेलं असतं, नखं, पिसं, चोच, सगळं.

हॅचरीचा नियम असा, की जी अंडी फुटत नाहीत ती नंतर हातानं फोडून बघायची आणि आतलं पिलू कितव्या दिवशी गेलं ते लिहायचं. सगळी फोडत नाहीत, नमुन्याला चार ट्रे बस होतात. सुनेनं दोन दिवस खपून चाळीस ट्रे फोडले. कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येकासमोर तेच लिहिलं: सतरावा दिवस. घरी आली तेव्हा बोटांना साबणाचा वास येत होता, आणि चार महिने आमच्या घरात अंडं आलं नाही.

तिला कोणी बोल लावला नाही, हीच पंचाईत झाली. मोठे साहेब, म्हणजे हॅचरीचे मॅनेजर, भला माणूस. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, की सूचना वेळेवर आली होती. एवढंच. ते वाक्य तिला कुसळासारखं टोचत राहिलं. सूचना वेळेवर आली होती, मग पोचली का नाही, आणि पोचली नाही ती कोणाला, तर मला, असं ती घोकत राहायची.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा राहिला नाही. आधी निदान हातपायच अस्वस्थ होते, आता डोळेही. भांडी घासता घासता हात पुसून मोबाइल बघायची. आंघोळीला जाताना तो दाराबाहेर स्टुलावर ठेवायची आणि मधेच ओला हात बाहेर यायचा. नातीच्या शाळेत नाटक होतं, नात त्यात झाड झाली होती, एका अंकात ही तीनदा बाहेर जाऊन आली. नात घरी येऊन म्हणाली, आई, मी झाड होते, जागची हलले नाही. तूच का ग सारखी हलत होतीस? सुनेनं तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून मोबाइल बघितला. मी पाहिलं ते. मुलानंही पाहिलं.

एक दिवस संध्याकाळी मी भाजी निवडत होतो. तिनं मला विचारलं, की बाबा, तुमच्या वेळी तातडीचं कळवायचं तर काय करायचे? मला असं कोणी विचारलं की मी सोडतो का. मी तिला तारेची गोष्ट सांगितली. आमच्या गावात पोस्टमन पत्रं घेऊन यायचा तो शाळेच्या भिंतीला सायकल टेकून आधी पाणी प्यायचा, मग तंबाखू मळायचा, मग एकेकाचं पत्र त्याच्या पोराच्या हाती द्यायचा. पण तार असली, की वेशीपासून घंटी वाजवत सायकल दामटायचा. घंटी ऐकली की आया-बाया रडायलाच लागायच्या, वाचायचं नंतर. एकदा तार हेडमास्तरांच्या घराशी थांबली. त्यांच्या बायकोनं हंबरडा फोडला, शेजारणी धावल्या, त्यांनीही सूर धरला. हेडमास्तर ओसरीवर दाढी करत होते. ते तसेच साबण लावलेल्या तोंडानं उठले आणि विचारायला लागले, की अहो, मी इथं आहे, मग गेलं कोण? तार वाचली तर मेव्हण्याला जंगलखात्यात नोकरी लागली होती.

सून हसली नाही. ती म्हणाली, “म्हणजे तार आणि पत्र एका पिशवीत नसायचं.”

“छे. तारेला पिशवीच नसायची. हातात.”

“मला तेच पाहिजे,” असं म्हणून ती माझ्या हातातली अर्धी निवडलेली जुडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. अळीसकट चिरली असणार.

तिच्या डोक्यात आलं ते असं. हॅचरीत सगळ्यांच्या मोबाइलवर कामाच्या गप्पांचं एक ॲप होतं. शिफ्ट बदलायची, सुट्टी मागायची, ती त्यावर. ईमेल कोणी उघडत नाही, पण हा मेसेज आला की माणूस जेवतानाही उघडतो. तर सॉफ्टवेअरनं जळती गोष्ट फक्त या ॲपवर पाठवावी, बाकी शाई आणि गेटपास राहू देत ईमेलमध्ये. मोठ्या साहेबांना आधी ते पोरकट वाटलं. ग्रुप म्हणजे सकाळची फुलं आणि वाढदिवसाचे केक, त्यात मशीनचा ताप कुठे शोधायचा, असं त्यांचं म्हणणं. सुनेनं सांगितलं, की वेगळा ग्रुप करू, त्यात माणसांनी बोलायचं नाही, फक्त मशीन बोलेल. जो कोणी त्यात फूल पाठवेल त्यानं आठवडाभर टरफलांचं पिंप धुवायचं. दीड महिना ती साहेबांच्या मागे लागली होती. शेवटी ते म्हणाले, की बाई, करा, पण माझ्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहू नका, मला चक्कर येते.

मेसेज काय असावा हेही तिनंच ठरवलं. सॉफ्टवेअरचे ईमेल इंग्रजीत आणि कोर्टाच्या समन्ससारखे लांबलचक असायचे. हिनं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: मशीन नंबर, ताप किती, काय बघायचं. तीन गोष्टी, साध्या भाषेत. चौथी गोष्ट नको. आणि कोणीतरी ‘बघितलं’ असं बटण दाबेपर्यंत दर पाच मिनिटांनी तोच मेसेज पुन्हा वाजत राहील.

मुख्य ऑफिसातून कॉम्प्युटरवाला आला. काडीसारखा पोरगेला माणूस, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होऊन जाईल’. दोन दिवसांत त्यानं सगळं जोडलं. चाचणी घेतली जेवणाच्या सुट्टीत, मागच्या अंगणात, झाडाखाली. बावीस माणसं डबे खात बसलेली. त्यानं मुद्दाम एका रिकाम्या मशीनचा ताप वाढवला आणि बावीस मोबाइल एकदम चिवचिवले, कारण सुनेनं सूरही पिलांचाच निवडला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, “मग ताई, तापाचे ईमेल बंद करू? का दोन्हीकडे राहू देत?”

“बंद करा. दोन्हीकडे असलं की माणूस दोन्हीकडे बघत नाही,” सून म्हणाली.

बोलली ते अगदी बरोबर बोलली. आणि तिथंच सगळे फसले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती त्या अंगणात बसलेल्या बावीस जणांपैकी एकालाही आठवली नाही, कारण रोजची होती. हॅचरीच्या आत बाहेरचा रोग जाऊ नये म्हणून आत शिरताना प्रत्येकानं डोक्यावरून आंघोळ करायची, बाहेरचे कपडे बाहेर, आतले पांढरे गाऊन आत. चष्मासुद्धा औषधात बुडवून न्यायचा. पण मोबाइलला काही आंघोळ घालता येत नाही. म्हणून न्हाणीच्या दाराबाहेर कप्प्याकप्प्यांचं लाकडी मांडण आहे, कबुतरखान्यासारखं. मोबाइल त्यात ठेवायचा आणि मग आत जायचं. ईमेल निदान आतल्या टेबलावर यायचा. सुनेनं भांडून, घाम गाळून, जी सूचना आत येत होती ती बाहेरच्या मांडणावर नेऊन ठेवली. चाचणीच्या वेळी सगळे बाहेर होते, आंघोळ कोणाचीच झाली नव्हती.

पहिले चौदा दिवस काही घडलं नाही. सूनबाई घरी खुश होत्या. एकदा तर तिनं बसून चहा प्यायला, अर्धा कप. मी कोणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून.

पंधराव्या दिवशी सात नंबरची अंडी काढायची होती. अठरा दिवस झाले की अंडी ट्रेमधून काढून पिलांच्या टोपल्यांत ठेवतात, त्याला सगळी माणसं लागतात. बावीसच्या बावीस आत, दोन दारं ओलांडून पलीकडच्या खोलीत. मोठे साहेब कुठेतरी मीटिंगला. बाहेर राहिल्या फक्त मावशी.

मावशी म्हणजे धुण्याच्या खोलीतल्या. न्हाणीला लागूनच त्यांची खोली. रोज साठ-सत्तर गाऊन उकळत्या पाण्यातून काढायचे, प्रत्येकावर जाड मार्करनं नंबर घालायचा आणि भिंतीतल्या कपाटात ठेवायचे. त्या कपाटाला दोन दारं, एक बाहेर उघडतं आणि एक आत. अकरा वर्षं त्या गाऊन आत पाठवत होत्या, स्वतः कधी आत गेल्या नव्हत्या. न्हाणीच्या दाराला आकड्यांचं कुलूप, आणि ते आकडे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या कंत्राटदाराच्या माणूस, त्यामुळे ग्रुपमध्येही नव्हत्या. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, त्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात.

पावणेअकराच्या सुमारास नऊ नंबरच्या पंख्याचा पट्टा तुटला. नऊ नंबरमध्ये सोळाव्या दिवसाची अंडी होती. एवढी मोठी झालेली पिलं स्वतःच ऊब टाकतात, पंखा थांबला की आत भट्टी पेटते. मांडणावर बावीस मोबाइल चिवचिवले. मावशींना वाटलं, आज कोणाचा तरी वाढदिवस. पाच मिनिटांनी पुन्हा. त्या मनात म्हणाल्या, की मोठ्या माणसाचा दिसतोय. तिसऱ्यांदा वाजले तेव्हा त्या हात पुसत उठल्या आणि पहिल्या कप्प्यातल्या उजळलेल्या पडद्यावर वाकल्या. त्यांचं शिक्षण तिसरीपर्यंत, पण सुनेनं मेसेजच तसा लिहिला होता: मशीन ९. ताप १०१. पंखा बघा.

मावशींनी ते बोट ठेवून वाचलं. तीन नंबरची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. त्या दिवसांत सुनेचे गाऊन त्यांनीच धुतले होते. त्यांनी न्हाणीचं दार बडवलं. आत पंख्यांची घरघर, कोणाला ऐकू जाणार. साहेबांच्या केबिनला कुलूप, आत बोलायचा फोन त्या केबिनमध्ये. मोबाइल पुन्हा वाजले, आता ताप १०१.८. मग त्यांनी कपाटाकडे बघितलं. हातात मार्कर होताच. घडी घातलेला एक गाऊन उघडला आणि त्यावर, पाठीकडच्या बाजूला, कारण तीच सपाट होती, टोपलीएवढ्या अक्षरांत लिहिलं: नऊ तापलं पंखा. पुन्हा घडी घातली, सगळ्यात वर ठेवला, आणि बादलीच्या बुडानं कपाट ठोकायला लागल्या.

आत त्याच वेळी उंच्याच्या हातात एक सडकं अंडं फुटलं. उंच्या म्हणजे सुनेच्या हाताखालचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात बावळट माणूस, हे तिचे शब्द, माझे नाहीत. सडकं अंडं फुटतं ते फटाक्यासारखं, आणि त्याचा वास माणसाला आपल्याच अंगापासून पळायला लावतो. सगळ्यांनी त्याला हाकलला. तो नाक दाबून नवा गाऊन घ्यायला कपाटाशी आला तर कपाट धडधडतंय. त्याला वाटलं, मावशी चिडल्यात, गाऊन जास्त खराब करतो म्हणून. त्यानं दार किलकिलं केलं, हात घातला आणि वरचा गाऊन ओढला. मावशी पलीकडून ओरडल्या, की वाच रे मेल्या, वाच. हा म्हणतो, “घेतला, घेतला मावशी. हा शेवटचा, परत नाही मागणार.” आणि दार लावून टाकलं.

गाऊन पुढून बांधायचा असतो, पाठ सलग. त्यानं अंगात घातला, पुढची नाडी कशीबशी बांधली आणि स्वतःच्या पाठीवर नऊ नंबरचा निरोप घेऊन शीळ घालत परत निघाला. बाहेर मावशी दाराला कान लावून उभ्या. मांडणावर मोबाइल वाजले. १०२.६.

उंच्या खोलीत शिरला आणि सगळ्यांकडे तोंड करून कामाला लागला. पाठ भिंतीकडे. चार मिनिटं तो तसाच टोपल्या भरत होता. वाचवलं ते सुनेच्या स्वभावानं. बाकीचे आपापल्या ट्रेशी, हिची मात्र येरझार चालूच होती. चौदा दिवस कसलीच सूचना आली नाही हेच तिला खुपत होतं. पावणेअकराच्या आधीच ती दोनदा जाऊन टेबलावरचा कॉम्प्युटर बघून आली होती, आणि त्यावर शाई आणि गेटपासशिवाय काही नव्हतं. तशीच ती भिंतीच्या कडेनं उंच्याच्या मागून गेली, आणि थांबली.

तिनं त्याला काही विचारलं नाही. पळाली. वायरमन तिच्या मागे. नऊ नंबरवर १०३.१. दोन्ही दारं सताड उघडली. पंखा गप्प. वायरमन पट्टा आणायला धावला, आणि बाकीच्यांनी पुठ्ठ्याचे ट्रे घेऊन हातानं वारा घालायला सुरुवात केली. वीस माणसं, वीस ट्रे. सून प्रत्येक रांगेत हात घालून अंडं गालाला लावून बघत होती, इथं जास्त घाला, तिथं बस. बावीस मिनिटांनी पंखा फिरला आणि ताप शंभराच्या खाली आला. मग तिनं चाळीस अंडी दिव्यावर धरली. सोळाव्या दिवशी अंडं जवळजवळ काळंच दिसतं, काही कळत नाही. अठ्ठावीसमध्ये तिला हालचाल वाटली. बारांत नाही. पण वाटली म्हणजे खरंच होती, की दिव्याचाच उजेड हलत होता, हे तिला सांगता येईना.

साहेब परत आले तेव्हा ती त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ईमेल मी बंद करायला सांगितला होता. रिपोर्टमध्ये तसं लिहा.”

साहेबांनी लिहिलं नाही, आधी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. मुख्य ऑफिसचं म्हणणं पडलं, की हा ग्रुपचा खेळ पुरे, ईमेल पुन्हा चालू करा. सून अडून बसली, म्हणजे उभीच, पण अडून. ईमेलनं तीन नंबर गेलं, ग्रुपनं नऊ नंबर जात होतं, दोष निरोप्याचा नाही, तो कुठे उभा आहे त्याचा आहे. ग्रुप आतल्या कॉम्प्युटरवर उघडा आणि त्याला मोठा आवाज लावा. कॉम्प्युटरवाला कानापर्यंत लाल झाला, म्हणाला, हे तर अर्ध्या तासाचं काम होतं, आधी का नाही सुचलं. त्याच दुपारी स्पीकर बसला. आणि मावशींना कंपनीचा मोबाइल मिळाला, ग्रुप मिळाला, न्हाणीच्या कुलपाचे आकडे मिळाले. मुख्य ऑफिसनं एवढंच सांगितलं, की नऊ नंबरमधून काय निघतं ते बघू, मग कायमचं ठरवू.

ते पाच दिवस आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. सून जेवताना ताट घेऊन खिडकीशी, मग दाराशी. दोनदा तिनं मिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला. मुलानं तिच्याशी पत्ते मांडले तर पत्ते वाटता वाटता ती बाल्कनीत गेली आणि आम्ही दोघं तिचे पत्ते झाकून बसलो. नात म्हणाली, आई, पिलं मेली तर तू पुन्हा सगळी फोडणार? सून म्हणाली, हो. मग म्हणाली, या वेळी मोजून चार ट्रे. मुलानं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनीही त्या चार ट्रेंवर विश्वास ठेवला नाही.

एकविसाव्या दिवशी ती तास आधी गेली. नऊ नंबरच्या टोपल्या उघडल्या. दर शंभर अंड्यांमागे पंचाऐंशी पिलं निघाली की हॅचरीत समाधान मानतात. नऊ नंबरनं दिली एकाहत्तर. साहेबांनी तिथल्या तिथं मुख्य ऑफिसला कळवलं, की ग्रुपच राहील. सगळे सुनेची पाठ थोपटत होते. ती म्हणाली, की चौदा गेली शंभरातली, चार मिनिटं उंच्याच्या पाठीवर आणि दहा मांडणावर. उंच्यानं मान खाली घातली. तिनं त्याला बोल लावला नाही. तो गाऊन आपणही न वाचताच घातला असता, असं म्हणाली.

तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं आणि मावशी आत आल्या. ओले केस, अंगात पांढरा गाऊन, त्यावर त्यांनीच घातलेला नंबर. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या दाराशीच थबकल्या. समोर टोपल्या, आणि टोपल्यांत पिवळा कल्लोळ, साडेतेरा हजार पिलं एकदम बोलत होती. मावशींनी एक उचललं, तळहातावर घेतलं आणि त्याला दटावलं, की गप रे, किती ओरडशील, ऐकलं ना मी.

सून त्यांच्याजवळ उभी राहिली. तिच्याही हातात एक होतं. मावशींनी विचारलं, आता घरी जाऊन झोपणार ना ग? सुनेनं ते पिलू अलगद टोपलीत सोडलं, गाऊनला हात पुसले आणि मावशींचा दंड धरला.

“चला, अकरा नंबर दाखवते तुम्हाला,” ती म्हणाली. “त्याचा पंखा मला कालपासून जरा वेगळा वाजतोय.”